भागुबाईला गाडी लागायची

भागुबाई गेल्याची बातमी हनुमंत ओव्हाळांना समजली, तेव्हा ते लोणावळ्याच्या अलीकडे जुन्या हायवेवर उभे राहून एका ट्रॅफिक हवालदाराला हेल्मेटचा कायदा समजावून सांगत होते.

हे उलटं झालं, कबूल. पण विषय हवालदारानंच काढला होता. एक हेल्मेट डोक्यात, दुसरं नवंकोरं, मरून रंगाचं, कोपराला अडकवलेलं, आणि मागच्या सीटवर कोणीच नाही, असा माणूस त्यानं आधी पाहिला नसावा. शिटी मारून त्यानं मोटरसायकल बाजूला घ्यायला लावली.

"काय काका, विकायला काढलंत काय?"

"न्हाई साहेब. मंडळी दवाखान्यात हायेत. आज घरी सोडणार. मागं बसणाऱ्यालाबी हेल्मेट पायजे ना आता? कोर्टानं सांगितलंय."

हवालदार गहिवरला. सकाळपासून त्यानं ऐकलेली ही पहिलीच चांगली गोष्ट असावी. "तुमच्यासारखी माणसं पाहिजेत, काका. उभे राहा, एक फोटो काढतो. आमच्या ग्रुपवर टाकतो."

हनुमंतांनी डोक्यातलं काळं हेल्मेट काढलं आणि दोन्ही हातांत दोन हेल्मेटं धरून, जत्रेत दोन कलिंगडं जिंकल्यासारखे ते उभे राहिले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लेकीचा, प्रतीक्षाचा.

"अण्णा, आई गेली."

"गेली? कुटं गेली? तिला म्हणावं थांब, मी आलोच न्यायला."

पुढचं त्यांना धड आठवत नाही. हातात आलं ते हेल्मेट डोक्यात घातलं आणि निघाले. ते भागुबाईचं निघालं, लहान मापाचं. दवाखान्यात पोचल्यावर ते डोक्यातून निघेना. काच खाली, आत हनुमंत, असे ते वॉर्डात शिरले तेव्हा वॉर्डबॉय म्हणाला, "पार्सल खाली काउंटरला द्या." बायकोच्या पायाशी ते तसेच उभे राहिले. एक बरं झालं, काचेच्या आत काय चाललंय ते कोणाला दिसलं नाही.

आता पोटातले खडे काढलेल्या बाईला लोणावळ्याहून वराळ्याला मोटरसायकलवर न्यायचं, हे कोणाही शहाण्या माणसाला पटणार नाही. प्रतीक्षाला पटलं नव्हतं. लग्न होऊन ती लोणावळ्यातच राहत होती, म्हणून तर आईला तिथल्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिनं चारचाकी ठरवली होती. पण भागुबाईला बंद गाडी लागायची. एसटीत, जीपमध्ये, नातलगाच्या नव्या कारमध्ये, कुठंही. दार लागलं की पाचच मिनिटांत ती पिशवी शोधायची. तिला चालायची ती फक्त नवऱ्याची मोटरसायकल. एका बाजूला पाय सोडून, डावा फूटरेस्ट पाडून, मांडीवर पिशवी घेऊन ती जगाच्या अंतापर्यंत गेली असती. आदल्या संध्याकाळी फोनवर तिनं बजावलं होतं, "मला त्या डब्यात घालू नका. तुमीच या न्यायला."

आणि घराशी पोचलं की हनुमंतांनी इंजिन बंद करून म्हणायचं, "घर आलं, उतर." तोवर ती उतरायची नाही. घर काय तिला दिसत नव्हतं? पण पहिल्या गाडीपासूनची ती रीत होती. एकदा हनुमंत रागात होते, बोललेच नाहीत, तर ती अंगणात गाडीवर तशीच बसून राहिली. शेजारची बयाबाई येऊन विचारायला लागली, "गाडीला चिकटली का काय गं?"

आता हेल्मेटचं. हेल्मेटचा कायदा पुस्तकात जुनाच आहे. पण मावळात कायदा पुस्तकातून आपला आपण रस्त्यावर येत नाही. कोणीतरी याचिका करतो, न्यायमूर्ती सरकारला विचारतात तुम्ही काय केलंत, सरकार वरच्या साहेबाला विचारतं, वरचा साहेब खालच्याला, आणि शेवटी खालचा हवालदार झाडाआडून शिटी मारतो. ती शिटी वराळ्याच्या फाट्यावर ऐकू आली, त्याच आठवड्यात हनुमंतांनी दुसरं हेल्मेट आणलं. कारखान्यात जन्मभर फिटरचं काम केलेला माणूस. टोपी घाल म्हटलं की घालायची, ही सवय.

भागुबाईनं ते एकदाच डोक्यावर ठेवून पाहिलं. अंबाड्यावर अडकून ते कावळ्याच्या घरट्यासारखं बसलं.

"पगडीवाल्या सरदारजीला सूट हाय म्हणं?"

"हाय."

"मग अंबाड्याला का न्हाई? लिवा म्हणावं त्या जजाला."

शेजारचा आदिनाथ तिथंच बसला होता. आदिनाथ प्लॉटचे व्यवहार करतो, पांढरी मोठी गाडी चालवतो, आणि देशातल्या कुठल्याही कोर्टानं गाडीबद्दल काहीही म्हटलं की त्याच्या मोबाईलवर ते जेवायच्या आधी येतं. तो म्हणाला, "वहिनी, हेल्मेट नसलं तर अपघाताची भरपाई कोर्ट कापतं. म्हणतं, तुमचीबी चूक."

"मेल्यावर पैसं कापत्यात म्हणून जित्तेपणी डोकं कोंडून घ्यायचं व्हय?" भागुबाई म्हणाली, आणि हेल्मेटात लसूण वाळत घातला.

असो. त्या दिवशी दवाखान्यातून निघताना भागुबाईला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ठेवलं. शेजारी प्रतीक्षा बसली. दार लावताना हनुमंतांच्या मनात आलं, हिला हे चालायचं नाही. पण तसं बोलायची ती वेळ नव्हती. ते मोटरसायकलवरून मागोमाग निघाले. डोक्यात तेच लहान हेल्मेट, त्यांचं काळं बाजूच्या हुकाला. धुकं एवढं होतं की पुढच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा लाल दिवा तेवढा दिसत होता, तोही मधूनच जायचा. घाटाकडून वारा येत होता आणि मोटरसायकल मागे जरा जड वाटत होती. घरी पोचले तेव्हा अंगणात माणसं उभी होती. कोणी हाताला धरलं, कोणी हेल्मेट ओढून काढलं, कानाची साल निघाली. काही बोलायचं सुचलंच नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, प्रतीक्षा लोणावळ्याला परत गेली. मग एके दिवशी सकाळी मोबाईलवर चलन आलं. मागे बसलेल्या व्यक्तीने हेल्मेट घातलेले नाही. ठिकाण लोणावळा. तारीख भागुबाई गेली तीच.

हनुमंत चिडले. ज्याचा फोटो पोलिसांच्या ग्रुपवर आदर्श म्हणून गेला असेल, त्याला हेल्मेटचं चलन? तडक आदिनाथकडे गेले. आदिनाथनं मोठ्या मोबाईलवर फोटो उघडला आणि काही वेळ बोलला नाही. आदिनाथ बोलला नाही असं वराळ्यात क्वचित होतं.

फोटोत धुकंच धुकं होतं. रस्ता नाही, झाडं नाहीत. नंबरप्लेट मात्र लख्ख, आणि तिच्या वर एक बाई. एका बाजूला पाय सोडून बसलेली. हिरवी साडी, मोहरी रंगाचा काठ, मांडीवर पिशवी, उजवा हात पुढच्या माणसाच्या खांद्यावर. तोंड पुढं वळवलेलं, म्हणून नुसता अंबाडा दिसत होता. उघडा.

"भाऊ," आदिनाथ हळू म्हणाला, "ही कोण?"

"कॅमेऱ्याची चूक असंल," हनुमंत म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला.

घरी येऊन त्यांनी दवाखान्यातून आलेली पिशवी पहिल्यांदा उघडली. घरी जाताना नेसायला म्हणून भागुबाईनं हिरवी साडी नेली होती. ती घडी न मोडता तशीच होती. फक्त काठाला हात लावला तर ओला लागला. घरात कुठं गळत नव्हतं. हनुमंतांनी साडी दोरीवर टाकली. ती वाळायला वेळ लागला.

आता सल्ले सुरू झाले. माणूस आजारी पडला की मावळात सल्ला देतात, आणि चलन आलं तर दुप्पट देतात. बयाबाई काठी टेकत आली. ऐंशीच्या पुढची म्हातारी, आदिनाथची आजी.

"हनुमंता, तिचं कायतरी मनात ऱ्हायलंय. तिठ्यावर दहीभात ठेव, नारळ फोड."

"मावशी, आमच्यात ते नसतं. आमच्या आज्यानं बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. आत्मा न्हाई, भूत न्हाई."

"मग गाडीवर कोण बसलीया? तुझा आजा?"

खरी अडचण बयाबाईला माहीत नव्हती. या बाबतीत भागुबाई त्यांच्याहून कडक होती. विहारात बायकांची वंदना तीच घ्यायची. मोटरसायकल नवी होती तेव्हा आदिनाथनं प्रेमानं हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. भागुबाईनं ती सोडली, लिंबू वरणात पिळलं आणि मिरच्यांचा ठेचा करून आदिनाथलाच वाढला. जी बाई भुताला मानत नव्हती ती स्वतः भूत कशी होईल? तिनं तत्त्वाला सोडलं नसतं.

"भूत कोण म्हणतंय?" बयाबाई म्हणाली. "भागीला गाडी लागायची. ती त्या बंद डब्यात बसंल व्हय? तू न्यायला गेलतास, ती तुज्या मागं बसली. त्यात काय भूत?"

आदिनाथचा सल्ला आधुनिक होता. "भाऊ, दंड भरायचा नाही. फोटो म्हणजे पुरावा नव्हं, आरोप. असं कुठल्यातरी हायकोर्टानं म्हटलंय, मी काढून ठेवलंय. आपण लढायचं. मयत माणसाला हेल्मेट लागत नाही, असा निकाल देशात अजून झालेला नाही. तुमच्या नावानं होईल. पुस्तकात छापतील."

हनुमंतांना पुस्तकात छापून यायचं नव्हतं. पण कारखान्यात उभ्या जन्मात एकदाही मेमो न मिळालेला माणूस. नावावर गुन्हा नको, एवढंच त्यांना वाटत होतं. त्यांनी ऑनलाइन तक्रार केली. उत्तर आलं, फोटोत मागे बसलेली व्यक्ती स्पष्ट दिसत आहे, तक्रार फेटाळण्यात येते.

मग ते ट्रॅफिकच्या ऑफिसात गेले. तिथं मानसी नावाची तरुण अधिकारी होती. चांगली पोरगी. तिनं पाणी दिलं, मृत्यूचा दाखला वाचला, फोटो मोठा करून पाहिला.

"काका, वाईट झालं. पण दाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. चलनाची तारीखही तीच. म्हणजे सकाळी काकू होत्या, असं कोणी म्हटलं तर?"

"सकाळी ती दवाखान्यात होती."

"मग या दुसऱ्या कोणी आहेत."

"दुसऱ्या कोणी न्हाईत."

"मग काकूच आहेत."

"त्या कशा असतील?"

मानसीनं पेन खाली ठेवलं. "काका, कॉम्प्युटरला दोनच गोष्टी कळतात. मागे कोणी आहे, किंवा नाही. शिवाय हे बघा, हुकाला हेल्मेट लटकतंय आणि डोकं उघडं. हे तर मुद्दाम केल्यासारखं दिसतं. तुम्ही कोर्टात जा. तिथं ऐकून घेतात."

यात एक तिसराच घोटाळा झाला. 'दुसऱ्या कोणी' हे दोन शब्द ऑफिसातून हनुमंतांच्या आधी वराळ्यात पोचले. बायको गेली त्या दिवशी माणूस दुसरी बाई घेऊन फिरत होता! विहारात जयभीम घालायला लोक जरा उशीर करायला लागले. एक वडीलधारे तर कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "हनुमंता, माणसाला सोबत लागती. पण एवढी घाई?" शेवटी प्रतीक्षाचा फोन आला.

"अण्णा, खरं सांगा. कोण आहे ती?"

हनुमंतांनी तिला फोटो पाठवला. तिनं तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"अण्णा, अंबाड्याला माझी काळी पिन आहे. त्या सकाळी मीच लावली होती."

त्या दिवसापासून हनुमंत मोटरसायकलकडे नीट बघायला लागले. सकाळी डावा फूटरेस्ट पडलेला असायचा. संध्याकाळी स्वतः पायानं वर मारून ठेवला तरी पडलेला. स्प्रिंग सैल झाली असेल म्हणून फिटरच्या हातानं तपासली. स्प्रिंग नवीसारखी होती. पेट्रोल पंपावर पोऱ्या म्हणाला, "मावशींना जरा उतरवा, पेट्रोल भरायचंय," आणि मग मान वर केली तसं त्याच्या हातून पेट्रोल थोडं सांडलं. पंक्चरवाल्यानं मागच्या चाकात हवा भरताना विचारलं, "डबलसीटच फिरता ना कायम? मग दोन पॉइंट जास्त घालतो." हनुमंत म्हणाले, घाल. काय म्हणणार?

आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा त्रास होत नव्हता. उलट गतिरोधक आला की ते हळू करायला लागले. पूर्वी त्यावरून ती बोलायची, "माणूस बसलंय मागं, का पोतं?"

कोर्टाचा दिवस आला. वडगावला जायला आदिनाथनं आपली गाडी काढली, पण हनुमंत म्हणाले, मी मोटरसायकलवरच येतो. आदिनाथनं त्यांच्याकडून बोलणं घोटून घेतलं होतं. "साहेब विचारतील, मागे कोणी होतं का. तुम्ही म्हणायचं, नव्हतं साहेब. पुढं एक शब्द नाही. दाखला जोडलाय, जागच्या जागी रद्द होईल."

कोर्टात गर्दी होती. सिग्नल तोडलेले, तिघं बसलेले, काळ्या काचावाले. प्रत्येकाकडे एक कारण होतं आणि न्यायाधीश साहेबांना ती सगळी पाठ असावीत. हनुमंतांचं नाव पुकारलं. साहेबांनी फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"ओव्हाळ, एवढंच सांगा. तुमच्या मागे कोणी बसलं होतं की नव्हतं?"

आदिनाथनं बाकावरून डोळ्यांनी खूण केली. दोन शब्द. नव्हतं साहेब. ते म्हटलं की नाव स्वच्छ, गावातली कुजबूज बंद, दंड रद्द. हनुमंतांनी तोंड उघडलं. आणि डाव्या खांद्यावर वजन आलं. जोराचं नाही. पुढं खड्डा दिसला की भागुबाई जसा हात ठेवायची, तेवढंच.

दवाखान्यातून न्यायला जाऊनही आणता आली नाही. आता कोर्टात उभं राहून, ती नव्हतीच म्हणायचं?

"होती, साहेब."

आदिनाथनं कपाळाला हात लावला.

"कोण होती?"

"आमची मंडळी."

"मग त्यांच्या डोक्यात हेल्मेट का नव्हतं?"

"आणलं हाय, साहेब. नवं हाय. ती ऐकतच न्हाई."

सगळं कोर्ट हसलं. सिग्नलवाले, काचावाले, कारकूनसुद्धा. साहेबही हसले. "घरोघरी तेच," असं काहीतरी म्हणत त्यांनी पुढचं पान उलटलं. तिथं मृत्यूचा दाखला होता. त्यांनी तो वाचला. तारीख वाचली, मग चलनाची तारीख वाचली. त्यांचं हसू गेलं. त्यांनी मान वर केली आणि हनुमंतांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग शिपायाला म्हणाले, "त्या बाईंना बसायला जागा द्या."

शिपाई सवयीनं बाकाकडे गेला. "सरका, सरका जरा." आदिनाथ सरकला. त्याच्या बाजूला एका माणसाची जागा झाली. तिथं कोणी बसलं नाही, म्हणजे दिसलं तरी नाही. पण आदिनाथनं पाय जवळ घेतले, हात छातीशी धरले, आणि पुढचा निकाल लागेपर्यंत त्या बाजूला मान वळवली नाही.

साहेबांनी कबुली लिहून घेतली. कायद्यात असेल तेवढा दंड लावला. हनुमंतांनी तो तिथंच भरला, पावती खिशात घातली. निघताना साहेब आवाज उतरवून म्हणाले, "ओव्हाळ, हळू चालवा."

बाहेर आल्यावर आदिनाथनं गाडीचं दार उघडलं आणि बंद केलं. "भाऊ, मी तुमच्या मागनं येतो," म्हणाला. वराळ्यापर्यंत तो अंतर ठेवून मागनं आला. त्यानंतर त्यानं कोर्टाचा कुठलाही निकाल कोणाला सांगितला नाही. निदान आठवडाभर.

अंगणात बयाबाई काठीवर हनुवटी टेकून बसली होती. तिनं मोटरसायकलकडे पाहिलं. हनुमंतांकडे नाही, त्यांच्या मागे पाहिलं, आणि ओळखीचं हसली.

"हनुमंता, मी इचार करत होते. त्या दिवशी माणसं जमलीवती, तू काय बोलला नसशील. बोलला व्हतास का?"

"काय, मावशी?"

"घर आलं, उतर. तू म्हणल्याबिगर ती कवा उतरली व्हती? बिचारी बसून ऱ्हायलीया. म्हण एकदा. मोकळी व्हईल."

हनुमंतांनी इंजिन बंद केलं. अंगणात शांत झालं. खांद्यावरचा हात तिथंच होता. डाव्या बाजूचा फूटरेस्ट पडलेला होता आणि मोटरसायकल त्या बाजूला जराशी झुकली होती, कोणीतरी उतरायच्या तयारीत असावं तशी. तीनच शब्द होते. कोर्टात आदिनाथनं घोटून घेतलेले तर दोनच होते आणि तेही जमले नव्हते.

"म्हणतो," हनुमंत म्हणाले. "आधी जरा तळेगावला जाऊन येतो. भाजी आणायचीय."

त्यांनी पुन्हा किक मारली.

दंड भरून झाला आहे. मरून हेल्मेट हुकाला आहे, त्यातला लसणाचा वास अजून गेलेला नाही. घर आलं, उतर, एवढं म्हणायचं मात्र राहिलं आहे.